ढालीमागचं वायफाय

आधी कबुलीच देऊन टाकू या, कारण हेमांगी साळुंके अजूनही हा किस्सा सांगायला लागली की हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. सुमनताई भोइटे पहिल्यांदा तिच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा तिला त्या मुलाकडच्या आत्याबाई वाटल्या!

आता यात हेमांगीची चूक किती आणि नशिबाची किती, ते तुम्हीच ठरवा. ग्वाल्हेरला सिटी सेंटरच्या मागच्या कॉलनीत साळुंक्यांचं दुमजली घर. त्या शुक्रवारी हेमांगीच्या नणंदेला, म्हणजे अंतराला, बघायला झांशीहून मुलाची आत्या यायची होती. हेमांगीने पहाटेपासून सोफ्याची कव्हरं बदलली, काचेचे कप बाहेर काढले, अंतराला दटावून साडी नेसवली. अंतरा तोंड फुगवून बसलेली. आणि साडेदहाला बेल वाजली.

दारात पासष्ट-सदुसष्टची एक बाई. सुती साडी, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, खांद्याला ही एवढी थोरली पर्स आणि हातात हेल्मेट. झांशीहून शंभर किलोमीटर स्कूटरवर कोण येतं, हा प्रश्न हेमांगीला पडायला हवा होता. नाही पडला. तिने वाकून नमस्कार केला.

"साळुंक्यांचंच घर ना?" बाईंनी विचारलं. "मग आधी घर दाखवा. बसणं नंतर."

झालं! हेमांगीच्या मनात आलं, लोक भलतेच कडक दिसतायत. बाईंनी पर्समधून मोबाइल काढला, आरती धरावी तसा समोर धरला आणि खोलीखोलीतून फिरायला लागल्या. मध्येच थांबायच्या, मोबाइलकडे बघायच्या, एक चिठोरी काढून पेन्सिलीने काहीतरी लिहायच्या. बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघितली.

"विटेची की काँक्रीटची?"

"विटेची," हेमांगी म्हणाली. "मजबूत आहे."

"तीच तर पंचाईत. घरात मासे पाळलेत का?"

"नाही हो."

"बरं झालं. आरसे मात्र फार आहेत."

हेमांगी मनातल्या मनात ओशाळली. बाई बाथरूमचं दारसुद्धा उघडून बघून आल्या! तोवर अंतरा चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन आली. बाईंनी पोह्यांची बशी उचलली, पहिलाच घास घेऊन मान डोलावली आणि अंतराला विचारलं, "तू दिवसभर जास्त कुठल्या खोलीत असतेस गं? आणि तिथं मोबाइलवर काय बघतेस?"

अंतराने ट्रे टेबलावर आपटलाच. "वहिनी, ये क्या पूछ रही हैं? शादी के लिए ये सब कौन पूछता है?"

"शादी?" बाईंचा घास तोंडातच राहिला.

तेवढ्यात हेमांगीच्या हातातला मोबाइल टुंग करून वाजला. नवऱ्याचा, दिग्विजयसिंहचा मेसेज. पडाव भागातल्या त्याच्या बँकेतून साडेआठलाच टाकलेला, तो आत्ता पोचला होता. "नेट बघायला सुमनताई येतायत. आमच्या शाखेतल्या रमाकांतजींच्या घरचं त्यांनीच सुधारलं. चहा पाज."

दोन तास मोबाइल वरच्या खोलीत पडून होता ना, आत्ता घर दाखवताना तिने तो खाली आणला! तिथे वायफाय नावाला यायचं, मोबाइल त्यालाच धरून बसायचा, आणि मेसेज कुठेतरी लोंबकळत राहायचे. बाईंना मुलाची आत्या ठरवलं ते त्या मंद वायफायनेच म्हणायचं. अंतरा साडीचा पदर तोंडात कोंबून हसत सुटली. सुमनताईंनी शांतपणे पोहे संपवले, आणखी एक बशी मागितली आणि म्हणाल्या, "साडी छान दिसते तुला. आता बदल, जिन्यावरून वरखाली धावायचंय."

झांशीच्या खऱ्या आत्याबाई त्या दिवशी आल्याच नाहीत. पुढे ते स्थळही गेलं. अंतराला त्याचं काही सोयरसुतक नाही.

पण हेमांगीला हसून चालणार नव्हतं. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. घरात तीनशे एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, म्हणजे मोठमोठी ऑफिसं चालतात त्यावर. आणि हिच्या वरच्या खोलीत मीटिंग सुरू झाली की हिचं तोंड उघडं राहून चित्र गोठायचं, ते तसंच अर्धा अर्धा मिनिट. तिचा साहेब उत्कर्ष तसा मवाळ माणूस, पण त्याचाही धीर सुटला होता. सोमवारी अकराला नव्या क्लायंटला काम दाखवायचं होतं, आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "हेमांगी, या वेळी अडकलीस तर पुढच्या महिन्यापासून पुण्याच्या ऑफिसात बसावं लागेल. मी वर काय तोंड दाखवू?"

पुण्यात बसायचं म्हणजे? नवरा ग्वाल्हेरात, सासरे ग्वाल्हेरात, आणि ही तिकडे एका खोलीत डबा खाणार! लग्नाला चार वर्षं होत होती. देवासची मुलगी, या घरात आता कुठे रुळली होती. सासऱ्यांच्या गोळ्या, अंतराची भांडणं, दिग्विजयसिंहचे विसराळूपणाचे किस्से, सगळं तिच्या हाताला लागलं होतं. नोकरी सोडायचीही नव्हती, स्वतःच्या कष्टाने मिळवलेली. तिने हे सगळं सुमनताईंना सांगितलं आणि सांगता सांगता डोळे पुसले.

"रडू नकोस," सुमनताई म्हणाल्या. "रडून स्पीड वाढत नाही. डबा कुठंय तुमचा?"

डबा म्हणजे राऊटर. आणि तो कुठे होता म्हणून सांगू! बैठकीच्या भिंतीत एक कोनाडा. मागे आरसा, खाली काळा ग्रॅनाइट. त्यात साळुंक्यांच्या पूर्वजांच्या दोन तलवारी, एक कट्यार, आणि मधोमध परातीएवढी पोलादी ढाल. राऊटर त्या ढालीच्या मागे! त्याच्यावर वाळलेलं कुंकू, दोन तांदळाचे दाणे, आणि एके काळी झेंडू असावा असं काहीतरी.

सुमनताईंनी चष्मा लावला. काढला. परत लावला.

"हे कुणी केलं?"

"आबांनी," हेमांगी हळूच म्हणाली.

आबा म्हणजे तिचे सासरे, जगदेवराव साळुंके, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मिशा अजून ड्यूटीवर. झालं होतं असं, की कनेक्शन बसवायला माणूस आला तो नेमका खंडेनवमीच्या दिवशी. घरात शस्त्रपूजा चाललेली. आणि साळुंक्यांच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी घरातलं सगळं कामाचं हत्यार पूजेला बसतं. तलवारींबरोबर शिवणाचं मशीन बसतं, मिक्सर बसतो, दिग्विजयसिंहची मोटारसायकल अंगणात हार घालून उभी असते. मग नवीन आलेल्या राऊटरने काय घोडं मारलं होतं? आबांनी त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, वायर दिसू नये म्हणून ढालीमागे सरकवला आणि जाहीर केलं, "शस्त्रांबरोबर बसला. आता पुढच्या नवमीपर्यंत हलवायचा नाही." पुढची नवमी आणखी तीन महिने लांब होती.

सुमनताईंनी पर्समधून पिवळी केबल काढली, एक टोक राऊटरला लावलं, दुसरं हेमांगीच्या लॅपटॉपला. स्क्रीनवर आकडा आला, दोनशे शहाण्णव. मग केबल काढली आणि तिथेच कोनाड्यासमोर उभं राहून वायफायवर बघितलं, एकशे वीस. स्वयंपाकघरात चाळीस. वरच्या खोलीत सहा.

"बघ," त्यांनी चिठोरी दाखवली. घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत आकडा लिहिलेला. "लाइनीचा काही दोष नाही. दारापर्यंत तीनशे येतंय. घरात शिरल्यावर तुम्ही त्याला मारताय. ढाल काय करते? अडवते. शेदोनशे वर्षं तिला तेच शिकवलंय, आता तिने वायफायला सोडावं असं कसं म्हणता? आणि मागे आरसा. बिचाऱ्याला पुढे पोलाद, मागे आरसा, खाली दगड. त्यातून सहा वर पोचतायत, त्यांना शौर्यपदक द्या."

आता या सुमनताई कोण, ते सांगायला हवं. दाना ओळ नावाच्या जुन्या गल्लीत राहतात, एकट्या. तीन जिने चढून घर, आणि त्या वयातही जिन्यावर त्यांच्या पुढे कुणी जाऊ शकत नाही. माहेरही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलंच. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली आणि त्याचा जीवही त्या दुःखात लवकर गेला. त्याआधीच ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, आणि दिवसभर "हॅलो झांशी, हॅलो इटारसी". ट्रंक कॉलचा जमाना संपला तसं त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथे अठरा वर्षं! लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि दोष तारेत आहे की खांबावर की लोकांच्या घरातच, ते बसल्या जागी ओळखायचं.

"दहातल्या सात तक्रारी घरातल्याच असायच्या," त्या सांगायच्या. "उंदराने वायर खाल्ली, मुलाने रिसीव्हर नीट ठेवला नाही, सुनेने फोन फडक्याने पुसताना पाणी घातलं. पण फोनवर येणारा माणूस म्हणायचा, तुमचं खातंच चोर. मी म्हणायची, हो दादा, चोर तर चोर, पण आधी रिसीव्हर बघा."

निवृत्त झाल्यावर त्या स्वस्थ बसल्या असत्या की नाही, देव जाणे. मुलगा पुष्कर बंगळुरूला. त्याने आईला फायबर बसवून दिलं, नातीचं तोंड रोज दिसावं म्हणून. आणि नातीचं तोंड दिसेना! नुसते चौकोन चौकोन. ताईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाज, "मॅडम, बंद करून चालू करा." केलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. नवव्यांदा "बंद करून चालू करा" ऐकल्यावर मात्र तक्रारीच्या टेबलावरची ती अठरा वर्षं त्यांच्या अंगात संचारली. "अगं पोरी," त्या म्हणाल्या, "मी पण लोकांना हेच सांगायची, पण सांगायच्या आधी एकदा तपासायची."

मग काय! राऊटरच्या खोक्यातला इंग्रजी माहितीचा कागद काढला, शब्दकोश घेऊन बसल्या. डबा इथे ठेव, तिथे ठेव, कपाटावर ठेव, गॅलरीत ठेव, आणि दरवेळी आकडा लिहून ठेव. पंधरा दिवसांनी कळलं की दोष शेजारच्या पाण्याच्या टाकीचा होता. पाणी वायफाय पिऊन टाकतं, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. पुढे कळलं की सगळ्या जगाला ते आधीच माहीत होतं, पण त्याने ताईंचा आनंद काही कमी झाला नाही. "लोखंड, पाणी आणि आरसा," त्या म्हणतात, "वायफायचं सासर आहे ते. तिघांपासून लांब ठेवा, संसार सुखाचा."

आणि मग गल्लीने बोलावलं. कुणी राऊटरला टीव्हीच्या रिमोटसारखं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. कुणी माकडं येतात म्हणून पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं, वर कुलूप! एका विजयाबाईंनी तर त्याला लोकरीचं टोपडं विणलं होतं, थंडीत गार पडू नये म्हणून. ताई कुणाला हसत नाहीत. म्हणजे, तोंडावर हसत नाहीत. दाना ओळ झाली, पडाव झाला, आता सिटी सेंटरपर्यंत स्कूटर धावते. फी म्हणून काय? जे रांधलं असेल ते जेवायचं आणि घरातल्या माणसांनी वरखाली स्वतः धावायचं. "मी धावले तर तुम्ही शिकणार नाही," हे त्यावरचं स्पष्टीकरण. खरं कारण गुडघे, पण ते त्यांना कुणी विचारत नाही.

तर त्या दुपारी जगदेवराव बाहेरची फेरी मारून परत आले. कोनाड्यासमोर परकी बाई आणि ढालीवर तिचा हात!

"कोण आपण?" आबांचा परेडवरचा आवाज.

"सुमन भोइटे. सुभेदारसाहेब, तुमचा डबा कैदेत आहे."

"कैदेत नाही, पूजेत आहे. नवमीपर्यंत हलणार नाही."

"आणि सून पुण्याला हलली तर चालेल?"

आबांनी हेमांगीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. त्यांना सोमवारचं कुणी सांगितलंच नव्हतं. उगाच बीपी वाढेल म्हणून. आबा खुर्चीत बसले. मिशा जराशा उतरल्या.

"पण ताई," ते म्हणाले, आवाज अर्धा झालेला, "आमच्या घरात आजवर मोडलेली नाही ही रीत. माझ्या आजोबांनी तर एकदा तोफेचा गाडा वर्षभर अंगणात उभा ठेवला होता. लोक वळसा घालून जायचे."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अहो, आजच्या काळात काय हे. सुमनताई तसं बोलल्या नाहीत. अठरा वर्षं तक्रारी ऐकलेली बाई ती, चिडलेल्या माणसाला आधी हो म्हणायचं हे त्यांना पाठ. त्यांनी कोनाड्यापासून जिन्यापर्यंतचं अंतर नजरेनेच मोजलं.

"हलवायचाच नाही," त्या म्हणाल्या. "डबा शस्त्रांजवळच बसू दे. त्याच्यातून एक लांब केबल काढू, भिंतीच्या कडेकडेने जिन्याच्या वळणावर नेऊ, आणि तिथे दुसरा राऊटर लावू. हुकूम इथून सुटेल, चौकी तिथे. फौजेत सेनापती पुढच्या चौकीवर जाऊन उभा राहतो का?"

"नाही," आबा म्हणाले.

"मग झालं."

आबांना हे इतकं पटलं, की ते पुढचा अर्धा तास हेमांगीला समजावून सांगत होते, जणू कल्पना त्यांचीच.

शनिवारी दिग्विजयसिंहने दुसरा राऊटर आणि वीस मीटर केबल आणली. चुकून दहा मीटर आणली होती, मग परत गेला. रविवारी सकाळी सुमनताई बाड्याच्या चौकातून बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या गरम पुऱ्या, बांधून घेऊनच आल्या. म्हणाल्या, "तुमच्या हातचं परवा खाल्लं, आज माझ्याकडून." खाऊन झाल्यावर कामाची वाटणी झाली. दिग्विजयसिंह खिळे ठोकणार, हेमांगी केबल धरणार, अंतरा मोबाइल घेऊन वरखाली धावणार, आबा देखरेख करणार, आणि ताई खुर्चीत बसून सगळ्यांच्या चुका काढणार.

"केबल अशी मुडपू नकोस रे, तिची मान मोडेल."

"ताई, पंख्याच्या वायरबरोबर नेऊ का?"

"नको. तिचं तिला वेगळं जाऊ दे."

ताईंनी हेमांगीला लॅपटॉपवर दोन नावं दाखवली. एकाच राऊटरची दोन वायफाय. "हे एक पळणारं आहे आणि हे चालणारं. पळणारं जोरात धावतं, पण भिंत आली की दमतं. चालणारं हळू, पण दोन भिंती ओलांडतं. आत्तापर्यंत तुझा लॅपटॉप वर बसून चालणाऱ्याचा हात धरून होता. आता चौकी जवळ आली, पळणाऱ्याला धर."

"ताई, सत्तर!" वरून अंतरा ओरडली.

"टेबलाजवळ बघ, खिडकीजवळ नको."

"एकशे... अरे बाप रे! एक सौ साठ! वहिनी, अपना तो हो गया काम!"

हेमांगी धावत वर गेली. सहाच्या जागी एकशे साठ. तिने उगाचच ताईंना त्यांच्या मोबाइलवरून पुष्करला, म्हणजे त्यांच्या मुलाला, व्हिडिओ कॉल लावायला लावला. बंगळुरूतली नात स्वच्छ दिसली, दात पडलेलेसुद्धा मोजता येत होते. ताईंनी नातीला विचारलं, "काय खाल्लंस?" आणि उत्तर येईपर्यंत चित्र एकदाही अडकलं नाही. हेमांगीला वाटलं, झालं, सुटलो.

पण सोमवार उजाडला. साडेदहाला हेमांगीने वर जाऊन आकडा बघितला. बावन्न! परत बघितला, सत्तेचाळीस. उत्कर्षला चाचणीचा कॉल लावला, तर त्याचा आवाज पुढे आणि ओठ मागे. तिने ताईंना फोन केला.

"जिन्यावर जाऊन बघ, डब्याचे अँटेना कसे आहेत," ताई म्हणाल्या. मागून हॉर्नचा आवाज, म्हणजे बाई रस्त्यातच कुठेतरी स्कूटर उभी करून बोलत होत्या. "दोन्ही उभे आहेत का?"

हेमांगीने बघितलं. दोन्ही अँटेना ताठ उभे. आणि त्यांच्याशेजारी आबा, हातात फडकं, चेहऱ्यावर समाधान.

"आबा, हे तुम्ही केलं?"

"सकाळी बघतो तर एक उभा आणि एक आडवा पडलेला! चौकीवरचा माणूस असा लोळतो का कुठे? दोघांना सावधान केलं."

फोनवरून ताईंचा आवाज आला, आबांनाही ऐकू जाईल इतका मोठा, "सुभेदारसाहेब, एक आडवा करा!"

"का?"

"उभा अँटेना आपल्या आजूबाजूला पसरवतो. डोक्यावर नाही. सुनेची खोली बरोबर डोक्यावर आहे. आडवा केला की वर पसरतो."

"हे काही मला पटत नाही. दोघं एका रेषेत हवेत."

"पटवून घेऊ नंतर. आत्ता करा."

आबांनी केला नाही. हेमांगीने केला. आबांनी तोंड वळवलं. आकडा चढला, एकशे पंचेचाळीस, एकशे अठ्ठावन्न. अकराला पाच कमी असताना तिने दार लावून घेतलं.

पंचावन्न मिनिटं घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. अंतराने मिक्सर लावला नाही. आबा जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून बसले, फडकं मांडीवर, आणि त्या आडव्या अँटेनाकडे असे बघत होते की जणू तो त्यांचा अपमान करण्यासाठीच आडवा पडलाय. दोनदा हात पुढे झाला, दोनदा मागे घेतला. सून वर बोलत होती ना.

बाराला दहा कमी असताना दार उघडलं. हेमांगी बाहेर आली ती नाचतच. "आबा! एकदाही नाही अडकलं! क्लायंटने काम घेतलं, आणि उत्कर्ष म्हणाला, पुण्याला यायची काही गरज नाही. फक्त रोज असंच राहायला हवं!"

आबांचे डोळे ओले झाले, ते त्यांनी फडक्यानेच पुसले. मग उठले, आणि पहिली गोष्ट काय केली? अँटेना सरळ केला!

"आता काम झालं. आता सावधान."

आणि नेमक्या त्याच क्षणी सुमनताई हेल्मेटसकट दारातून आत आल्या.

"सुभेदारसाहेब!"

"ताई, सून जिंकली ती तुमच्या केबलने. ते मान्य. पण हे आडवं प्रकरण थोतांड आहे. सरळ असता तरी झालं असतं."

"तिच्या साहेबाने काय सांगितलं? रोज असंच. मग रोज काय सावधान आणि विश्राम खेळणार?"

"सिद्ध करा."

ताईंनी हेल्मेट अंतराच्या हातात दिलं. "ठीक. मोबाइल तुमचा. खोली तुम्ही निवडा. आकडा तुम्हीच वाचायचा, मोठ्याने. अँटेना मी हलवणार, आणि सांगणार नाही की कसा ठेवलाय. तीन वेळा उभा, तीन वेळा आडवा. हेमांगी लिहील. मंजूर?"

"मंजूर."

आबा हेमांगीच्या खोलीत जाऊन उभे राहिले. खालून ताई ओरडायच्या, "बोला!" वरून आबा वाचायचे. "एकशे बावन्न!" "बोला!" "एक्कावन्न!" "बोला!" "चव्वेचाळीस... थांबा, हा मोबाइल गरम झालाय." "बोला!" "एकशे साठ!" अंतरा जिन्याच्या कठड्यावर बसून टाळ्या वाजवत होती. सहाच्या सहा झाले. मग आबा म्हणाले दहा करू. दहा झाले. हेमांगीने कागद पुढे धरला. आडव्याच्या रांगेत एकही आकडा शंभराच्या खाली नाही. उभ्याच्या रांगेत साठाच्या वर एक नाही.

आबांनी कागद उलटा करून बघितला. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

"अकरावा करून बघू का?" ते म्हणाले.

"आबा, चहा गार होतोय," हेमांगी म्हणाली. हसू दाबताना तिची हनुवटी थरथरत होती.

आबा सावकाश जिना उतरून वळणावर आले. ताई तिथेच उभ्या, हात कमरेवर. आबांनी दोन बोटांनी अँटेना अलगद आडवा केला, आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" सुमनताईंनी कानामागे हात धरला. "तक्रारीच्या टेबलावर बसून बसून एक कान गेलाय माझा. मोठ्याने बोला."

"म्हटलं, तुमचं बरोबर!" आबा गरजले, अगदी परेडवरच्या आवाजात. चहा ओतायला बैठकीत गेलेल्या अंतराने तिथूनच विचारलं, "क्या हुआ?" आणि सुमनताई म्हणाल्या, "काही नाही गं. परत एकदा म्हणा, सुभेदारसाहेब. तिला ऐकू आलं नाही."

आबांनी परत म्हटलं.